सुफळ संपूर्ण : शेवट आधीच ठाऊक असलेल्या प्रेमकथांचा मराठी इतिहास

१/ जालना जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध लग्नकथा अपूर्ण आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेला नारायण ठोसर बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा राहिला आणि ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच मांडवातून निघून गेला, असे परंपरा सांगते. पुढे तोच समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला. गंमत अशी, की याच मुलखातील जत्रांच्या तंबूंत माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या नेमका उलटा शेवट डोळे भरून पाहिला. अडथळे सरतात, मंगलाष्टका पूर्ण होतात, अक्षता पडतात. आजचा धागा अशा गोड शेवटाच्या प्रेमकथांविषयी, आणि त्या आवडतात हे सांगताना आपल्याला वाटणाऱ्या संकोचाविषयी.

२/ हा संकोच सर्वांच्या परिचयाचा आहे. मित्रमंडळींत आपण जागतिक चित्रपटांची नावे घेतो. दिवाळीच्या सुट्टीत मात्र घरच्यांसोबत शंभर वेळा पाहिलेलाच चित्रपट लावतो. नायक-नायिका भांडणार, गैरसमज होणार, थोरले हट्टाला पेटणार आणि अखेरीस सारे एका फोटोत हसणार, हे पहिल्या दहा मिनिटांत कळलेले असते. तरीही आपण उठत नाही. मग कोणी विचारले की म्हणतो, ‘आई पाहत होती, म्हणून बसलो.’ या वाक्यात दीडशे वर्षांचा वाङ्मयीन वाद दडलेला आहे. तो कसा, ते पाहू.

३/ आधी जगाकडे एक नजर. अमेरिकेत हॉलमार्क ही वाहिनी २००९ पासून ‘काउंटडाउन टू क्रिसमस’ या नावाने नाताळच्या हंगामात प्रेमपट दाखवते. दरवर्षी डझनावारी नवे चित्रपट येतात आणि कथा बहुधा एकच असते. महानगरात रमलेली तरुणी सुट्टीत लहान गावी येते, तेथे तिला साधा, प्रेमळ माणूस भेटतो, आणि बर्फ पडत असताना दोघे एकत्र येतात. त्यांतील पुष्कळ चित्रपटांचे चित्रीकरण कॅनडात, ऐन उन्हाळ्यात, कृत्रिम बर्फ पसरून होते. प्रेक्षकांना हे ठाऊक असते. त्यांना बर्फाच्या खरेपणाशी कर्तव्य नसते. दरवर्षी ठरल्या वेळी तीच गोष्ट परत येणार, या खात्रीशी असते.

४/ ठरल्या हंगामात, ठरलेल्या शेवटाची गोष्ट. हे वर्णन वाचून मराठी घरात वाढलेल्या कोणालाही श्रावण आठवावा. आदित्य राणूबाईची कहाणी, सोमवारची खुलभर दुधाची कहाणी, शुक्रवारची जिवतीची कहाणी. सुरुवात आटपाट नगरापासून. एक गरीब ब्राह्मण किंवा एक राजा, एक उपेक्षित सून किंवा दुर्दैवी मुलगी, एक संकट, एक वसा. आणि शेवट? ‘सुफळ संपूर्ण’. ऐकणाऱ्या बायकांना ही गोष्ट गेल्या वर्षीची पाठ असे. कहाणी नवी माहिती देण्यासाठी सांगितली जात नव्हती. उपेक्षित सुनेचे भले होते, हे वर्षातून एकदा मोठ्याने उच्चारण्यासाठी ती सांगितली जात होती.

५/ गोड शेवटाचा आग्रह केवळ माजघरातला नव्हता, दरबारातलाही होता. संस्कृत नाट्यशास्त्राने नाटकाच्या पाच संधी सांगितल्या. शेवटची ‘निर्वहण’ संधी, जिथे विखुरलेले सारे धागे जुळून येतात. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखा अपवाद वगळला, तर शोकान्त नाटक जवळजवळ नाहीच. या नियमाचे सर्वांत धाडसी उदाहरण आठव्या शतकातील भवभूतीचे. त्याने आपले मूळ विदर्भातील पद्मपूर असे सांगितले आहे. वाल्मीकि रामायणात सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या अखेरीस राम आणि सीता यांचे पुनर्मीलन घडवले. रामकथेचा शेवट बदलण्याची हिंमत एका थोर कवीने केली, आणि रसिकांनी ती डोक्यावर घेतली.

६/ दुसरीकडे याच गोदाखोऱ्यात, सातवाहनांच्या नावाशी जोडलेली ‘गाथासप्तशती’ रचली गेली. महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांचा हा संग्रह. पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान, जालन्याहून फार दूर नाही. आणि भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, हे त्याच काळातील व्यापारी नगर. या गाथांत प्रवासाला गेलेला पती, पावसाचे पहिले ढग आणि वाट पाहणारी स्त्री हे चित्र पुन्हा पुन्हा येते. विषय ठरलेला, पण शेवटाची हमी नाही. पथिक परतेल किंवा परतणार नाही. म्हणजे आपल्या परंपरेत दोन्ही वाटा होत्या. गोड शेवट हीच ‘आपली संस्कृती’ आणि कटू शेवट परका, असे म्हणण्याला इतिहासाचा आधार नाही.

७/ आता एकोणिसाव्या शतकात येऊ. मराठी कादंबरीचा पहिला बहर अद्भुतरम्य होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. राजपुत्र, राजकन्या, दुष्ट सरदार, ताटातूट, योगायोग आणि विवाह. वाचकांनी त्या भरभरून वाचल्या, विद्वानांनी नाके मुरडली. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत रिसबूड स्वतःच खुलासा करतात. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आमच्या विवाहपद्धतीमुळे आणि इतर कारणांमुळे आमच्या रोजच्या आयुष्यात रंजक असे काही घडतच नाही; तेव्हा मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडेच वळावे लागते.

८/ या खुलाशाचा अर्थ थांबून समजून घ्यावा असा आहे. ज्या समाजात मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी उरकते, तिथे दोन तरुण एकमेकांना भेटणार केव्हा, आवडणार केव्हा आणि निवडणार केव्हा? आवडीला जागाच नसेल, तर प्रेमकथेला वास्तवात पाय ठेवायला जमीन कुठली? म्हणून ती राजवाड्यात, अरण्यात, कल्पित नगरीत गेली. रिसबुडांनी बचावाच्या सुरात का होईना, एक सामाजिक सत्य नोंदवून ठेवले. प्रेमकथा अवास्तव होती, कारण वास्तवात प्रेमाला परवानगी नव्हती.

९/ यातून इतिहासाच्या अभ्यासकाला एक साधन मिळते, आणि या धाग्याचा गाभा तोच आहे. ठरीव प्रेमकथेत शेवट ठरलेला असतो, अडथळा मात्र ठरलेला नसतो. तो प्रत्येक पिढीत बदलतो. प्रेक्षकाला खरा वाटावा म्हणून लेखकाला तो भोवतालच्या भीतीतून उचलावा लागतो. त्यामुळे गोड शेवटाच्या शंभर कथा एका ओळीत मांडल्या आणि प्रत्येकीतला अडथळा तेवढा वेचला, तर समाजाला कोणत्या काळी कशाची धास्ती होती याची यादी हाती येते. हा प्रयोग करून पाहू.

१०/ १८ नोव्हेंबर १८८२. पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’चा पहिला प्रयोग झाला. त्या वेळी पहिले तीनच अंक रंगभूमीवर आले. पूर्ण नाटक पुढच्या वर्षी. कथा महाभारतातील, म्हणजे शेवट पोराटोरांना ठाऊक. बलराम सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरवतो, तिचे मन अर्जुनावर, अर्जुन संन्याशाच्या वेषात द्वारकेत येतो आणि कृष्ण पडद्यामागून सूत्रे हलवतो. मराठीतील हे पहिलेवहिले कौटुंबिक प्रेमनाट्य म्हणावे असे आहे: हट्टी थोरला भाऊ, मिश्कील धाकटा भाऊ, समजूतदार वहिनी, वेषांतर आणि शेवटी लग्न. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा पाहायला लोक पुन्हा पुन्हा येत. पुढच्या पिढीत बालगंधर्वांनी तीच भूमिका गाजवली.

११/ मूळ कथेशी ताडून पाहिले, की किर्लोस्करांनी काय बदलले ते दिसते. आदिपर्वात सुभद्रेचे ‘हरण’ होते. अर्जुन तिला पाहतो, कृष्ण हरणाचा सल्ला देतो, अर्जुन तिला रथात घालून नेतो. तिची इच्छा काय, हा प्रश्न तिथे फारसा विचारलाच जात नाही. ‘सौभद्रा’त ती आधीपासून अर्जुनावर अनुरक्त आहे, दुर्योधनाचे नाव ऐकून व्याकूळ होते, आणि सारे नाटक तिच्या इच्छेभोवती फिरते. अडथळा म्हणजे थोरल्याने परस्पर दिलेला शब्द. १८८२ मध्ये मध्यमवर्गीय घरांतील किती मुलींच्या बाबतीत हाच अडथळा खरा असेल, हे सांगायला नको. फरक इतकाच, की त्यांच्या घरी कृष्ण नव्हता.

१२/ त्याच १८८२ साली, त्याच पुण्यात, एक छोटे पुस्तक छापले गेले: ‘स्त्री-पुरुष तुलना’. लेखिका ताराबाई शिंदे, राहणार बुलढाणा, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या मुलखातल्या. विधवेच्या वाट्याला येणारे जिणे, बालविवाह, पुरुषांचा दुटप्पीपणा यांवर त्यांनी कोरडे ओढले. आपल्या काळच्या लोकप्रिय कथानकांनाही त्यांनी सोडले नाही. ‘मुक्तामाला’, ‘मनोरमा’ यांसारख्या कृतींतील स्त्रीचित्रण खऱ्या बायकांच्या आयुष्याशी कितपत जुळते, असा त्यांचा सवाल होता. विद्वानांचा आक्षेप ‘ही हलकी करमणूक आहे’ असा होता. ताराबाईंचा आक्षेप अधिक खोल होता: ही करमणूक कोणाच्या आयुष्याविषयी खोटे बोलते?

१३/ हे दोन आक्षेप वेगळे आहेत, आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत. पहिला अभिरुचीचा, त्यातून संकोच जन्मतो. दुसरा न्यायाचा, त्यातून विचार जन्मतो. गेली दीडशे वर्षे आपण पहिल्याच्या गोंगाटात दुसरा ऐकायला विसरलो. कादंबऱ्या वाचून बायका बिघडतात, नाटके पाहून पोरे वाया जातात, सिनेमामुळे गावची कामे बुडतात: प्रत्येक माध्यमाला हा शिक्का बसला. शिक्का मारणारा बहुधा शिकलेला, वयाने मोठा आणि पुरुष होता. तो ज्यांच्यावर बसला त्या स्त्रिया, तरुण आणि कष्टकरी. ‘चोरून आवडणे’ या भावनेला असा सामाजिक उतार आहे.

१४/ पुढची नोंद १३ जानेवारी १८९९, इंदूर. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ, पैशाच्या लोभाने मुलगी विकायला निघालेला बाप आणि कोवळी शारदा. या वेळी अडथळा पुराणातला नाही, शेजारच्या वाड्यातला आहे. आणि शेवट? तो गोडच. पण तो कसा साधला, हे पाहण्यासारखे आहे. वधूवर सगोत्र आहेत असे ऐन वेळी उघड होते आणि लग्न मोडते. जरठ-बाला विवाह अन्याय्य आहे, एवढे कारण मांडवात उभ्या असलेल्या माणसांना पुरेसे नव्हते. तसा कायदा नव्हता. म्हणून नाटककाराला शास्त्राच्याच पोटातून सुटकेची फट शोधावी लागली.

१५/ बालविवाह प्रतिबंधक कायदा आला तो १९२९ साली, म्हणजे ‘शारदे’नंतर तीस वर्षांनी. हरबिलास सारडा यांच्या नावावरून तो ‘सारडा कायदा’; मराठीत पुष्कळांनी त्याला ‘शारदा कायदा’च म्हटले. नावांचे साम्य हा योगायोग, पण लोकांच्या तोंडी तो रुळला यात नवल नाही. जो गोड शेवट रंगमंचावर केवळ युक्तीने शक्य होता, तो निदान कागदावर तरी हक्क झाला. ठरीव शेवटाची कथा नेहमी भोळी असते असे नाही. कधी ती समाजाच्या पुढे दोन पावले चालून वाट पाहत थांबलेली असते.

१६/ विसाव्या शतकात आवडीला वास्तवात जागा मिळू लागली: महाविद्यालये, सहशिक्षण, टेनिसची मैदाने, सहली. ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांच्या ‘जादूगार’, ‘दौलत’ यांसारख्या कादंबऱ्यांनी या नव्या तरुणाईला नायक-नायिका केले. वि. स. खांडेकरांनी ‘जीवनासाठी कला’ म्हटले, फडक्यांनी ‘कलेसाठी कला’ म्हटले, आणि समीक्षकांना पिढीभर पुरेल एवढा वाद मिळाला. फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि कादंबरीच्या तंत्राचे शास्त्र मांडत होते, हे सहसा विसरले जाते. रंजन ही कष्टसाध्य कारागिरी आहे, हे त्यांनी निःसंकोचपणे सांगितले.

१७/ आता पडद्याकडे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, तोही शेवट ठाऊक असलेल्या कथेवर. मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’त (१९३८, लेखन आचार्य अत्रे) अडथळा होता नायकाचे ब्रह्मचर्याचे खूळ. राजा परांजप्यांच्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये (१९५२) पैसा. ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये (१९८८) तर खोली! पुण्यात अविवाहित मुलांना भाड्याने जागा मिळेना, म्हणून दोन मित्रांना बायकांची सोंगे घ्यावी लागतात. महानगरातील घरटंचाईचा इतका हसरा ऐतिहासिक दस्तऐवज क्वचितच सापडेल.

१८/ हे चित्रपट जालन्यासारख्या मुलखातील खेड्यांत पोहोचले ते तंबूंतून. सुगी आटोपली की जत्रांचा हंगाम सुरू होई आणि टुरिंग टॉकीजचे ट्रक गावोगाव फिरत. दिवसा बांबू रोवून कापड ताणायचे, भोंग्यावरून खेळाची हाळी द्यायची, अंधार पडला की मशीन सुरू. जमिनीवर बसायचे, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. रीळ तुटले की शिट्ट्या. प्रिंट जुनी, चित्रपट जुना, कथा सर्वांना ठाऊक. एकाच जत्रेत तोच खेळ दोनदा पाहणारे पुष्कळ. ‘माहेरची साडी’ (१९९१) पाहायला बाया हुंदक्यांची तयारी ठेवूनच जात. तो शेवट गोड नव्हता, पण रडण्याची हमी होती. आणि चारचौघींत मोकळेपणाने रडण्याच्या जागा गावात फार नव्हत्या.

१९/ अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांचे ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक १९८४ सालचे. प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या सामान्य गृहिणींशी त्या थेट बोलल्या. वाचन म्हणजे घरकामातून काढलेला स्वतःचा वेळ, हे उत्तर त्यांना वारंवार मिळाले. शेवट गोड आहे ना, याची खातरी करून मगच पुस्तक हाती घेणाऱ्याही काही जणी होत्या. जत्रेच्या तंबूत मांडी घालून बसलेली बाई आणि अमेरिकेतील ही वाचक, दोघींना एकाच गोष्टीची निकड होती: दोन-तीन तास असे, ज्यांत काय होणार याची काळजी आपल्याला करावी लागणार नाही.

२०/ मराठवाड्यात या निकडीला वेगळे वजन आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवट, मग १९५६ साली मुंबई राज्य, १९६० साली महाराष्ट्र, आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा. सत्ता बदलली, पावसाचा लहरीपणा बदलला नाही. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडायला गेली. २०१२-१३ मध्ये जालन्याच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. दादा कोंडके यांचे ‘सोंगाड्या’ (१९७१) आणि ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२) हे हाऊसफुल्ल खेळ नेमके पहिल्या दुष्काळाच्या काळातले. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही. तरी ज्याला मृगाच्या पावसाची खात्री नाही, त्याला निदान गोष्टीच्या शेवटाची खात्री हवीशी वाटली, तर त्याला भाबडा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

२१/ मग आले १९९४. सूरज बडजात्यांचा ‘हम आपके हैं कौन’ ५ ऑगस्टला प्रदर्शित झाला: चौदा गाणी, लग्नाचे विधी, डोहाळेजेवण, आणि सांगण्यासारखा खलनायकच नाही. पडद्यावर माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे अशी मराठी मंडळी. टीकाकारांनी त्याला लग्नाची व्हिडिओ कॅसेट म्हणून हिणवले. पण पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन तो साठाहून अधिक वेळा पाहिल्याचे उघडपणे सांगत. देशातील अग्रगण्य चित्रकाराने आपली आवड लपवली नाही, उलट माधुरीला घेऊन ‘गजगामिनी’ (२०००) काढला. संकोच झुगारण्याचे याहून ठळक उदाहरण आठवत नाही.

२२/ पुढच्याच वर्षी, १९९५ च्या दिवाळीत, २० ऑक्टोबरला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ आला. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात तो २०१४ अखेर हजार आठवडे चालला, आणि पुढेही चालू राहिला. शेजारी एसटीचे आगार आणि रेल्वे स्थानक. गावाकडची गाडी सुटायला वेळ असलेला माणूस थोडक्या पैशांत आत जाऊन बसू शकतो. आणि कथा? नायक मुलीला पळवून न्यायला नकार देतो. बापाच्या हातूनच तिचा हात घेईन म्हणतो. बलरामाची संमती मिळवणारा ‘सौभद्रा’चा डाव एकशे तेरा वर्षांनी लंडनमार्गे पंजाबात पोहोचला होता.

२३/ इथे ताराबाईंचा प्रश्न पुन्हा विचारू: या कथा कोणाच्या आयुष्याविषयी गप्प आहेत? १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याआधी सोळा वर्षे संघर्ष चालला होता. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळली. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये आलेल्या त्या लग्नपटात जात हा शब्दच नाही. दोन्ही घरे आधीच ‘आपली’. अडथळा म्हणून मृत्यू चालतो, गैरसमज चालतो. पण ज्या कारणाने या मुलखातील प्रेमे खरोखर मोडत होती, ते कारण पटकथेत येत नाही. अडथळ्यांच्या यादीत काय नाही, हेही इतिहासाचे साधन आहे.

२४/ ती गाळलेली ओळ लिहिली नागराज मंजुळे यांनी. २९ एप्रिल २०१६ चा ‘सैराट’. ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेला, अजय-अतुलच्या गाण्यांवर चित्रपटगृहात लोक नाचलेले. पूर्वार्ध ठरीव प्रेमपटाचा: विहीर, शेत, क्रिकेट, चोरट्या नजरा. आर्ची-परश्या पळतात, संसार मांडतात, बाळ होते. प्रेक्षक सैलावतो, कारण दीडशे वर्षांच्या सवयीने त्याला वाटते की आता सुफळ संपूर्ण. आणि मग ती शेवटची नि:शब्द मिनिटे. तो धक्का इतका खोल गेला, कारण आपला त्या जुन्या करारावर विश्वास होता. ‘सौभद्र’ ते ‘दिलवाले’ या परंपरेने तो विश्वास घडवला नसता, तर ‘सैराट’ला मोडायला काही उरलेच नसते.

२५/ म्हणून गोड शेवटाच्या कथांकडे तुच्छतेने पाहणे सोडावे, आणि भाबडेपणाने पाहणेही. त्यांत आपल्या आज्यांनी मागितलेला न्याय आहे, कष्टकऱ्यांनी मिळवलेला विसावा आहे, आणि काही माणसांना मांडवाबाहेर ठेवण्याची चलाखीही आहे. ‘मला हा चित्रपट आवडतो’ हे मोकळेपणाने म्हणणाऱ्यालाच पुढचा प्रश्न नीट विचारता येतो: यातला गोड शेवट कोणाकोणाच्या वाट्याला येतो? संकोचणारा माणूस आवड लपवतो, आणि लपवलेल्या आवडीची चिकित्सा होत नाही.

२६/ जाता जाता एक गृहपाठ. या सुट्टीत आजी, आई किंवा मावशीला विचारा: तुम्ही पुन्हा पुन्हा पाहिलेला चित्रपट कोणता? तंबूत, टॉकीजमध्ये की दूरदर्शनवर? सोबत कोण होते? घरी सांगून गेला होता की चोरून? उत्तरे वर्ष आणि गावासह लिहून ठेवा. जत्रेतील तंबूंची दप्तरे फारशी उरलेली नाहीत; ती नोंद आता या माणसांच्या आठवणींतच आहे. आणि त्या चित्रपटातील अडथळा कोणता होता, तेवढे खाली प्रतिसादात अवश्य कळवा. यादी वाढवू या.

धागा समाप्त.